ग्लोबल ॲडमिन आहे तरी सबस्क्रिप्शन दिसत नाही. आणि रीडर दिलेल्या मुलाने मशीन बंद केलं कसं?

चावीवाली

नमस्कार मंडळी. ॲझ्युअरचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे, दोन प्रश्न आहेत. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

मी मुळात डेटाबेसवाली. क्लाउडचा सगळा कारभार आमच्याकडे एकच गृहस्थ बघायचे. ते अडीच महिन्यांपूर्वी सोडून गेले. निरोप झाला, लॅपटॉप जमा झाला, आणि संध्याकाळी नियमाप्रमाणे त्यांचं खातं काढून टाकलं. तुमच्या एकट्याच्या नावावर काय काय आहे, हे त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जाण्याआधी त्यांनी मला ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर केलं आणि म्हणाले, "आता सगळं तुझ्या हातात." मीही मान डोलावली.

पहिला प्रश्न. आमची सबस्क्रिप्शन, म्हणजे मशीन-डेटाबेस ठेवायचे आणि ज्यांचं बिल येतं ते कप्पे, दोन. जुन्यात खरं काम चालतं. नवं मी स्वतः चाचणी आणि रिपोर्टसाठी उघडलं, त्यामुळे तिथे मी ओनर, म्हणजे सर्वाधिकारी, आहे. पोर्टलवर मला फक्त नवं दिसतं. डिरेक्टरी बरोबर आहे, वरचा फिल्टर तपासला, दुसऱ्या ब्राउझरमधून लॉगिन करून पाहिलं. मी कुणाचाही पासवर्ड रीसेट करू शकते, नवे युजर बनवू शकते, पण जुनं सबस्क्रिप्शन माझ्यासाठी जणू अस्तित्वातच नाही. बिल मात्र दर महिन्याला न चुकता येतं! जुन्या गृहस्थांचं खातं परत आणावं म्हटलं, तर डिलीट झालेला युजर 30 दिवसांपर्यंतच परत आणता येतो. ती मुदत कधीच उलटली.

दुसरा प्रश्न. नव्या सबस्क्रिप्शनवर चारही डेव्हलपरना मी कॉन्ट्रिब्युटर (सगळं बनवता-बदलता येणारा रोल) दिलं. त्यातला एक मुलगा अगदी नवा, म्हणून रिपोर्टच्या रिसोर्स ग्रुपवर (सबस्क्रिप्शनमधला मशीन वगैरेंचा एक गट) त्याला मुद्दाम वेगळं रीडर दिलं. माझा हिशोब असा, की बाकी ठिकाणी काय हवं ते करू दे, इथे फक्त बघू दे. शुक्रवारी दुपारी त्याने त्याच ग्रुपमधलं मशीन बंद केलं. चाचणीचं समजून केलं, मुलगा गुणी आहे, स्वतःहून येऊन सांगितलं. ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये त्याचं नाव आणि समोर 'डीॲलोकेट व्हर्च्युअल मशीन', म्हणजे मशीन बंद करून त्याची जागा सोडणं. मशीन पुन्हा चालू केलं, पण डी ड्राइव्हवरच्या फाइली गायब. तो टेम्पररी डिस्क असतो हे तेव्हा कळलं. रीडर असताना हे झालं कसं?

साहेबांचा उपाय: "सगळ्यांना ओनर देऊन टाक, रोजची कटकट मिटेल." मन धजत नाही. एकूण माणसं सांगते, म्हणजे सल्ला देता येईल. चार डेव्हलपर, रिलीज करणारी एक पाइपलाइन (आपोआप चालणारी यंत्रणा), अकाउंट्समधल्या एक बाई ज्यांना फक्त खर्च बघायचाय, आणि पुढच्या आठवड्यापासून तीन आठवड्यांसाठी बाहेरचे एक ऑडिटर.

घाईतला

सगळ्यांना सबस्क्रिप्शनवर कॉन्ट्रिब्युटर द्या आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे चार वर्षं असंच आहे, काही झालेलं नाही.

जुना खिळा

वरच्या मित्राला एवढंच, की "काही झालेलं नाही" हे त्या मुलाचे साहेबही शुक्रवारी सकाळपर्यंत म्हणत होते.

ताई, पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तिथे घर तुमचं आहे आणि कुलूप दुसऱ्याचं.

ॲझ्युअरमध्ये अधिकारांच्या दोन वेगळ्या वह्या आहेत. एक एन्ट्रा आयडीची, जिला 2023 पर्यंत ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणायचे. तिच्यात माणसं, ग्रुप, पासवर्ड, ॲप नोंदणी. ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर हा त्या वहीतला सर्वोच्च माणूस. दुसरी वही सबस्क्रिप्शनची, म्हणजे मशीन, डेटाबेस, स्टोरेज, नेटवर्क. तिथले रोल वेगळे: ओनर, कॉन्ट्रिब्युटर, रीडर, यूजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर आणि पुढे शेकडो बारीक रोल. पहिल्या वहीत तुम्ही कितीही मोठ्या असा, दुसऱ्या वहीत नाव नसेल तर तुम्ही तिथे कुणीच नाही. "सगळं तुझ्या हातात" म्हणणाऱ्या गृहस्थांनी एकच वही दिली. मुद्दाम नसेल, भल्याभल्यांचा हा घोळ होतो.

पण ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटरसाठी एक मागचं दार ठेवलेलं आहे. एन्ट्रा आयडी उघडा, डावीकडे प्रॉपर्टीज, आणि पान अगदी खालपर्यंत सरकवा. 'ॲक्सेस मॅनेजमेंट फॉर ॲझ्युअर रिसोर्सेस' असं लिहिलेलं एक बटण दिसेल, समोर तुमचंच नाव. ते 'येस' करून सेव्ह करा. त्याने तुम्हाला रूट स्कोपवर, म्हणजे टेनंटमधल्या (तुमच्या संस्थेच्या डिरेक्टरीतल्या) सगळ्या सबस्क्रिप्शनच्याही वर, यूजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर हा रोल मिळतो. लगेच काही दिसलं नाही तर घाबरू नका, लॉगआउट करून पुन्हा आत या.

या रोलने सगळं दिसतं आणि रोल वाटता येतात, पण मशीन चालू-बंद करता येत नाही. म्हणून जुन्या सबस्क्रिप्शनच्या ॲक्सेस कंट्रोलमध्ये जाऊन स्वतःला ओनर द्या आणि मग ते बटण परत 'नो' करा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. मीही एकदा विसरलो होतो, आणि पाच महिने टेनंटमधल्या झाडून सगळ्या सबस्क्रिप्शनच्या चाव्या माझ्या रोजच्या मेल वाचायच्या खात्यावर लटकत होत्या.

सबस्क्रिप्शनच्या ॲक्सेस कंट्रोलच्या पानावर जुन्या गृहस्थांच्या जागी 'आयडेंटिटी नॉट फाउंड' अशी ओळ असेल. खातं गेलं तरी रोलची नोंद मागे राहते. तुमचं ओनर बसल्यावर ती काढून टाका. आधी काढायला गेलात आणि तो सबस्क्रिप्शनवरचा शेवटचा ओनर असेल, तर ॲझ्युअर काढू देत नाही, आणि ते बरंच आहे.

आणखी एक, म्हणजे भरकटणार नाही. शोधताना जुने लेख सापडतील, "को-ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून जोडा" सांगणारे. ती क्लासिक पद्धत 31 ऑगस्ट 2024 ला निवृत्त झाली. तो लेख तिथेच बंद करा.

आता तुमचा मुलगा. त्याची चूक नाही आणि सिस्टिमचीही नाही. तुम्ही बेरीज करायला आलात आणि वजाबाकी झाली असं समजलात. परवानगी चार पातळ्यांवर देता येते: मॅनेजमेंट ग्रुप, त्याखाली सबस्क्रिप्शन, त्याखाली रिसोर्स ग्रुप, आणि सगळ्यात खाली एकेक रिसोर्स. वर दिलेलं खाली आपोआप झिरपतं. एकाच माणसाचे चार ठिकाणचे चार रोल असतील तर त्यांची फक्त बेरीज होते. सबस्क्रिप्शनवर कॉन्ट्रिब्युटर अधिक ग्रुपवर रीडर, बरोबर कॉन्ट्रिब्युटर. रीडरने काहीही कमी केलं नाही. तुम्हा-आम्हाला "इथे मनाई" अशी नोंद हाताने करायची सोयच दिलेली नाही. डिनाय असाइनमेंट नावाची गोष्ट आहे, पण ती ॲझ्युअर स्वतः बनवतं.

म्हणून उलटं चालायचं. सबस्क्रिप्शनवर डेव्हलपरना काहीच देऊ नका, फार तर रीडर. ज्या रिसोर्स ग्रुपमध्ये त्यांचं काम आहे तिथेच कॉन्ट्रिब्युटर द्या. कोणता रोल द्यायचा यावर लोक तासभर वाद घालतात आणि कुठे द्यायचा हे दोन क्लिकमध्ये उरकतात. माझ्या मते डोकं दुसऱ्या प्रश्नावर खर्च करावं.

लॉक लावला असता तर वाचलं असतं असं कुणीतरी सांगेलच. डिलीट रोखणाऱ्या लॉकने मशीन बंद करणं थांबत नाही. आणि रीड-ओन्ली लॉक लावलात तर मशीन तुम्हालाही सुरू करता येणार नाही. लॉक डिलीटपुरता ठेवा, तेवढ्यासाठी उत्तम आहे. तो काढायचा अधिकार कॉन्ट्रिब्युटरकडे नसतो, त्यामुळे चुकून कुणी उडवणार नाही.

कागदावरची

मी हेच तपासून पोट भरते, म्हणून ऑडिटरच्या बाजूने थोडं लिहिते.

जुना खिळा यांच्या म्हणण्यात एक भर. एकेका माणसाला रोल देऊ नका, ग्रुपला द्या. एन्ट्रात 'रिपोर्ट-डेव्हलपर' असा ग्रुप करा, रोल त्या ग्रुपला, आणि माणसं ग्रुपमध्ये आत-बाहेर. एका सबस्क्रिप्शनमध्ये 4000 रोल नोंदींची मर्यादा आहे. तुम्ही तिथवर जाणार नाही, पण मी एका ठिकाणी 600 ओळींची यादी तपासली होती, त्यात 70 च्या आसपास 'आयडेंटिटी नॉट फाउंड'. प्रत्येक ओळ म्हणजे कधीतरी इथे काम केलेला कुणीतरी. ग्रुप असते तर यादी एका पानात बसली असती.

ओनर तीनपेक्षा जास्त नकोत, ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची शिफारस आहे. एकच ओनर ठेवूनही भागत नाही, ते तुम्ही भोगताच आहात. तुमच्या साहेबांना एवढंच सांगा, की ओनर आणि कॉन्ट्रिब्युटर यांच्यात काम करण्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही, फरक आहे तो दुसऱ्याला रोल देण्याचा. सगळ्यांना ओनर केलंत, तर प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या कुणालाही ओनर करू शकतो. कटकट मिटणार नाही, तिला पिल्लं होतील.

ऑडिटरला रीडर पुरे. पाहुणा युजर म्हणून बोलवा. रीडरला सेटिंग दिसतं, पण स्टोरेजच्या चाव्या ('की') किंवा 'की व्हॉल्ट' या तिजोरीत ठेवलेल्या पासवर्डसारख्या सीक्रेटचा मजकूर दिसत नाही. कुणी ऑडिटर "मला ओनर हवं" म्हणाला तर त्याच्याकडून लेखी कारण मागा, पुष्कळदा मागणीच मागे घेतात. तुमच्याकडे एन्ट्रा आयडीचं पी-2 लायसन्स असेल तर प्रिव्हिलेज्ड आयडेंटिटी मॅनेजमेंटमध्ये नोंदीला शेवटची तारीख घालता येते, तीन आठवड्यांनी आपोआप सुटते. नसेल तर आत्ताच कॅलेंडरमध्ये आठवण लावा. "संपल्यावर काढू" असं म्हटलेला ॲक्सेस मी कधी वेळेवर निघालेला पाहिला नाही.

अकाउंट्सच्या बाईंना कॉस्ट मॅनेजमेंट रीडर. खर्चाचे आलेख, बजेट सगळं दिसेल, मशीनला हातही लागणार नाही.

आता सांदीकोपरे, जे कुणी विचारत नाही. कॉन्ट्रिब्युटरला रोल वाटता येत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असं समजू नका. स्टोरेज अकाउंटची की तो पाहून घेऊ शकतो, आणि की हातात आली की आतला सगळा डेटा उघडा. गंमत म्हणजे नुसत्या ओनरला, की न वापरता आपल्या लॉगिनने ब्लॉब (स्टोरेजमधली फाइल) उघडायला गेलं तर, नकार मिळतो. त्याला 'स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर' वेगळं लागतं. की वापरायची सोय अकाउंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये बंद करता येते, फक्त आधी कोणतं ॲप कीवर चालतंय ते बघा.

की व्हॉल्टचंही तसंच. तुमचा व्हॉल्ट जुन्या ॲक्सेस पॉलिसी पद्धतीवर असेल, तर कॉन्ट्रिब्युटर स्वतःचं नाव पॉलिसीत घालून सगळी सीक्रेट वाचू शकतो. आर-बॅक, म्हणजे रोलच्या, पद्धतीवर असेल तर नाही. व्हॉल्टच्या ॲक्सेस कॉन्फिगरेशनमध्ये कोणती खूण आहे ते आजच बघा. पद्धत बदलण्याआधी मात्र ज्या ॲपना सीक्रेट लागतात त्यांना 'की व्हॉल्ट सीक्रेट्स यूजर' देऊन ठेवा, नाहीतर बदललेल्या क्षणी ती आंधळी होतील.

चावीवाली

मंडळी, दंडवत. काल रात्री करून पाहिलं.

बटण सापडलं. दोन महिने मी त्या पानावर ये-जा करत होते, इतकं खाली कधी गेलेच नव्हते. 'येस', सेव्ह, लॉगआउट, लॉगिन. आणि यादीत दोन नाही, तीन सबस्क्रिप्शन! तिसऱ्याचं नाव नुसतं 'ट्रायल-2'. त्यात एक मशीन, चालू स्थितीत. जुन्या आणि तिसऱ्या दोन्हीकडे ओनरच्या जागी तीच ओळ, आयडेंटिटी नॉट फाउंड. आधी स्वतःला ओनर केलं, दुसरं नाव टीममधल्या सगळ्यात सावध माणसाचं घातलं, मग त्या ओळी काढल्या. शेवटी बटण 'नो'. हे मी हातावर पेनने लिहून ठेवलं होतं, जुना खिळा, तुमच्यामुळे.

डेव्हलपरचं कॉन्ट्रिब्युटर सबस्क्रिप्शनवरून काढून ग्रुपमार्फत रिसोर्स ग्रुपवर आणलं. नव्या मुलाचं नाव घालून 'चेक ॲक्सेस' दाबलं, रिपोर्टच्या ग्रुपवर रीडर आणि फक्त रीडर. त्याला शेजारी बसवून दाखवलं, त्यालाच जास्त बरं वाटलं.

की व्हॉल्ट जुन्या पद्धतीवर निघाला. बदलायला शनिवार राखून ठेवलाय.

पण सकाळी पाइपलाइन झोपली. ती नवं ॲप उभं करते, त्याला मॅनेज्ड आयडेंटिटी, म्हणजे ॲपची स्वतःची ओळख, देते आणि त्या आयडेंटिटीला स्टोरेजचा रोल देते. तिथे लाल अक्षरात 'ऑथोरायझेशन फेल्ड', आणि खाली मायक्रोसॉफ्ट डॉट ऑथोरायझेशन, रोल असाइनमेंट्स, राइट असं काहीतरी. म्हणजे आधी तिला ओनर होतं, ते मी साफसफाईत काढलं. आता परत ओनर देऊ का?

जुना खिळा

नका देऊ. एरर बरोबर वाचलीत: रोलची नोंद लिहायचा अधिकार तिच्याकडे नाही. पाइपलाइनला ओनर म्हणजे जो कुणी तिची फाइल बदलू शकतो तो प्रत्येक जण ओनर.

तिला रिसोर्स ग्रुपवर दोन रोल द्या. एक कॉन्ट्रिब्युटर, दुसरा 'रोल बेस्ड ॲक्सेस कंट्रोल ॲडमिनिस्ट्रेटर'. दुसरा देताना पोर्टल वाटेत कंडिशन्सचं, म्हणजे अटींचं, पान दाखवतं, घाईत पुढे जाऊ नका. तिथे पहिला पर्याय निवडा, ठरावीक रोल ठरावीक जणांनाच देता येतील असा, आणि यादीत तुमचा तो एकच स्टोरेजचा रोल टाका. कुणाला देता येईल यातही प्रकार निवडता येतो, 'सर्व्हिस प्रिन्सिपल', म्हणजे माणसाची नाही तर ॲपची ओळख, ठेवा. मॅनेज्ड आयडेंटिटी त्यातच मोडते. मग पाइपलाइन ॲपला तेवढा रोल देऊ शकेल, माणसाला काहीच देऊ शकणार नाही, स्वतःला ओनर करणं तर दूरच.

दिल्यावर लगेच चालली नाही तर दहा मिनिटं थांबा. रोल बदलला की पोचायला इतका वेळ लागू शकतो. लोक दुसऱ्याच मिनिटाला वैतागून ओनर देतात, आणि तो ओनर मग तिथेच राहतो.

घाईतला

दहा मिनिटांचं माहीत नव्हतं. आमच्या पाइपलाइनला ओनर मीच दिला होता, अगदी याच कारणाने. काढतो.

चावीवाली

चालली. सातव्या मिनिटाला.

आता फक्त 'ट्रायल-2' मधलं मशीन. कुणाचं ते कुणालाच माहीत नाही. ॲक्टिव्हिटी लॉग पाहिला, तो 90 दिवसांचाच असतो, आणि त्या 90 दिवसांत कुणी त्याला हात लावलेला नाही. टॅग नाही, नावावरून काही कळत नाही. डिलीट करू?

कागदावरची

अजिबात नाही. आधी डिलीटचा लॉक लावा. मग बंद करा आणि कोण ओरडतं ते ऐका.

जुना खिळा

बंद करताना एक बघा. पोर्टलचं स्टॉप बटण मशीन डीॲलोकेट करतं, म्हणजे टेम्पररी डिस्क पुसला जातो, तुमचा अनुभव ताजा आहे. ॲझ्युअर सीएलआयच्या कमांडचं नुसतं स्टॉप (az vm stop) मशीन बंद करतं, पण जागा सोडत नाही आणि भाडं चालू राहतं. पहिले काही दिवस भाडं सोसा, दुसरा मार्ग घ्या.

चावीवाली

लॉक लावला, कमांडने बंद केलं. तीन दिवस शांतता. आज सकाळी अकाउंट्सच्या बाईंचा फोन. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांना एक एक्सेल शीट मेलने येते, या वेळी आली नाही. कुठून येते ते त्यांना ठाऊक नाही, जुन्या गृहस्थांनी कधीतरी लावून दिलं होतं म्हणे. आज सहा तारीख. मशीन सुरू केलं, शीट वीस मिनिटांत त्यांच्या इनबॉक्समध्ये. बाईंचं नाव मशीनच्या टॅगमध्ये घातलं आणि लॉक तसाच ठेवला.